झाकणाखालचे थेंब

गेल्या वर्षी शाळेसाठी तू घराण्याचं झाड काढलंस, तेव्हा आमच्या बाजूच्या सगळ्या फांद्या मी चहा निवायच्या आत भरून दिल्या. पणजोबा कुठले, खापरपणजोबांनी गाव का सोडलं, कोणाच्या किती बहिणी, सगळं मला पाठ आहे. तुमचे आजोबा शेजारी बसून म्हणाले, "हिला एखादा माणूस भेटला की तो जेवला का हे विचारायच्या आधी त्याचं आजोळ विचारते." त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तुझ्या आईच्या बाजूला मात्र वरचा एक चौकोन रिकामा राहिला होता आणि त्यात तू पेन्सिलीने "जर्मन?" असं लिहून मला फोटो पाठवलास.

त्या चौकोनाचं पुढे काय झालं ते मी तुम्हा दोघांसाठी नीट लिहून ठेवते आहे. तुम्ही माझ्याशी इंग्रजीत बोलता आणि बाचानशी जपानीत. मीही आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण घरातली गोष्ट मला मराठीतच सरळ सांगता येते. बाबा वाचून दाखवेल. नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण बाचानला आवडणार नाही. तुम्हाला ती माहीत आहेतच.

बाचान म्हणजे तुमच्या आईची आई, आमची विहीणबाई. आम्ही राहतो त्या निशी-कसाईहून तोझाई लाइनच्या मेट्रोने नदी ओलांडली की इचिकावा येतं. ती तिथे एकटी राहते. तुमची आई मला "आई" म्हणते हे ऐकून लग्नाच्या दिवसापासून ती मला "आई-सान" म्हणायला लागली. ती माझ्याहून थोडी मोठी आहे हे मी तिला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग काय झालं? मला आई म्हणायला कोणीतरी हवंच आहे." तेव्हापासून मी काही बोलत नाही.

दर गुरुवारी ती आमच्याकडे जेवायला येते. वरणभात आवडतो, तुपाची धार मात्र नको असते. झाडाचा तुझा फोटो मी तिला अशाच एका गुरुवारी दाखवला. तिने चष्मा लावला, तो चौकोन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मला याच माणसाबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं."

ते तिचे आजोबा, म्हणजे तुमचे खापरपणजोबा. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिक म्हणून ते जपान्यांच्या हाती लागले आणि चिबातल्या नाराशिनोच्या कैद्यांच्या छावणीत आले. युद्ध संपल्यावर बहुतेक कैदी घरी परतले, काही मोजके इथेच राहिले. हे त्यांपैकी एक. पाव भाजायचं काम करत, आणि इथल्याच एका मुलीबरोबर त्यांनी संसार मांडला. लग्नाची नोंद मात्र केली नाही, कारण त्या काळी परदेशी माणसाशी लग्न केलं की बाईचं जपानी नागरिकत्व जायचं. म्हणून बाचानच्या आईच्या जन्माच्या नोंदीत वडिलांची जागा कोरी आहे. बाचान आणि मी नगरपालिकेत जाऊन ती नोंद पाहून आलो. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हातांनी कागद पुढे केला आणि त्या कोऱ्या जागेकडे पाहून आपलंच चुकल्यासारखी वाकून नमस्कार करत राहिली.

बाचानची आई चार वर्षांची असताना ते जहाजात बसून जर्मनीला गेले. परत आले नाहीत.

"माझी आई त्यांना वडील कधीच म्हणाली नाही," बाचान म्हणाली. "'टाकून गेलेला माणूस' एवढंच म्हणायची. आणि आजी त्यांच्याबद्दल काहीच बोलायची नाही. लोकांनी विचारलं तर चहा ओतायला लागायची."

हे सगळं आताच का निघालं, तेही सांगते. बाचानच्या माहेरची कबर चिबातल्या एका लहान गावाच्या देवळात आहे. तिची आजी, आई आणि वडील तिथे आहेत. बाचान एकुलती एक, तुमची आईही एकुलती एक आणि ती तुमच्याबरोबर समुद्रापलीकडे. उद्या गवत कोण काढणार, दगड कोण धुणार? म्हणून तिने कबर मिटवायचं ठरवलं होतं. याला इथे हाकाजिमाई म्हणतात. अस्थींचे कलश काढून देवळाच्या सामायिक स्मारकात ठेवतात, मग ते देवळातले लोक सांभाळतात. शरदातल्या हिगानच्या आठवड्यात, जेव्हा सगळे आपापल्या पितरांच्या कबरींवर जातात, तेव्हाच हे करायचं होतं. आणि देवळातल्या भटजींनी विचारलं होतं की प्रार्थनेत कोणाकोणाची नावं घ्यायची.

"आजोबांचं नाव घेऊ की नको?" बाचान म्हणाली. "टाकून गेले असतील, तर आईच्या कलशाशेजारी त्यांचं नाव घेणं म्हणजे तिचा अपमान. पण तसे गेले नसतील, आणि यायचंच राहून गेलं असेल, तर मी त्यांना दारातच उभं ठेवल्यासारखं होईल. कबर एकदा मिटवली की पुन्हा नाव घ्यायची वेळ येणार नाही."

तुमचे आजोबा एरवी विहीणबाईंची थट्टा केल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी त्यांनी नुसतं तिच्या ताटात पापड वाढला.

मी शिस्तीची बाई. शोधायचं तर जे हातात आहे तिथून सुरुवात करायची. हातात काय होतं? त्यांचं पहिलं नाव, जे आजीच्या तोंडून एकदोनदा निसटलं होतं. आडनावाची बाचानलाही खात्री नव्हती. आणि जेवण.

तुम्ही बाचानकडे नव्या वर्षाच्या सकाळी ओझोनी खाल्ली आहे. बाकी जपान्यांच्या घरी त्या सूपमध्ये मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचा चिकट गोळा असतो. गावागावाप्रमाणे त्याचा आकार बदलतो, कुठे चौकोनी, कुठे गोल. बाचानच्या घरी मोची नसतोच. बटाट्याचा मोठा गोळा असतो आणि तो फोडला की आत तळलेल्या पावाचे तुकडे निघतात. तू लहानपणी ते आधी वेचून खायचीस आणि गोळा बाबाच्या वाटीत टाकायचीस. मी इतकी वर्षं समजत होते की हा जपानी प्रकार आहे. बाचान समजत होती की दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून आजीने बटाटे वापरले आणि पुढे तीच रीत पडली.

"पण मग पाव कुठून आला?" मी विचारलं. "तांदूळ नव्हता, तर गहू आणि तळायला तेल होतं?"

हे बाचानने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. सत्तर वर्षं ती ते गोळे खात होती.

कोतोमधल्या ज्या भारतीय शाळेत मी शिकवायचे, तिथे माझ्याबरोबर एक जर्मन बाई होत्या. मी त्यांना फोन लावला आणि सांगायला लागले की बटाटा किसून, पिळून, अर्धा शिजवून, अर्धा कच्चा. त्यांनी मला मधेच थांबवलं. "आत तळलेला पाव आहे का?" मी तोपर्यंत पावाचं नावही काढलं नव्हतं. त्या हसायलाच लागल्या. जर्मनीच्या मधोमध जो डोंगराळ, जंगलाचा भाग आहे, तिथे त्यांची मावशी राहायची आणि तिच्याकडे दर रविवारी हेच असायचं, फक्त सूपऐवजी मटणाच्या रश्शात. "पाव नसेल तर तिथे ताट परत पाठवतात," त्या म्हणाल्या.

तर खापरपणजोबा कुठले, ते आम्हाला असं कळलं. गाव नाही कळलं, पण डोंगर कळले. मला फार आनंद झाला. मी बाचानला म्हटलं, "बघा, टाकून गेलेल्या माणसाचं खाणं कोणी सणाला करतं का?"

ती म्हणाली, "आई-सान, सवय असते ती. माझा नवरा गेल्यावर मी वर्षभर दोन कप चहा काढत होते. आणि त्याने मला टाकलं नव्हतं." मग म्हणाली, "आणि हे गोळे मला आजीने नाही, आईनेच शिकवले. म्हणजे याचा काय अर्थ लावायचा?"

म्हणजे प्रश्न होता तिथेच होता. डोंगर सापडून तिला उपयोग नव्हता. भटजींना काय सांगायचं ते तिला हवं होतं.

आम्ही नाराशिनोलाही जाऊन आलो. छावणीच्या जागी आता घरांचे ब्लॉक आहेत, मुलांच्या सायकली, वाळत घातलेल्या गाद्या. छावणीतच वारलेल्या कैद्यांसाठी जवळच्या स्मशानभूमीत एक दगड उभारला आहे. आपला माणूस त्यांत नसणार हे माहीत होतं, तरी बाचानने तिथे उदबत्ती लावली. परतताना गाडीत ती म्हणाली, "यांना बिचाऱ्यांना निदान पत्ता तरी आहे."

सप्टेंबर आला. आपला पितृपक्ष आणि त्यांचं हिगान या वेळी जवळजवळ एकत्र आले होते. सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचंही करतात. मला वाटलं, हे तर त्यांच्यासाठीच आहे. जर्मन असोत नाहीतर कोणी, तिथी माहीत नसलेला आपल्या नातवंडांचा माणूस. मी बाचानला जेवायला बोलावलं आणि वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असा बेत केला. त्यातच बटाट्याचे गोळे.

"पितृपक्षात पाव?" तुमचे आजोबा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले. "माझे आजोबा वरून खाली उतरायचे नाहीत."

"तुमच्या आजोबांना वडे आहेत. हे दुसऱ्यांच्या आजोबांसाठी."

"आणि कावळ्यांचं काय करणार आहेस? बाल्कनीत अन्न ठेवू नका म्हणून बिल्डिंगवाल्यांनी नोटीस लावली आहे."

"कावळे मंगळवारी येतात," मी म्हटलं. मंगळवारी ओल्या कचऱ्याच्या पिशव्या खाली ठेवायच्या असतात आणि त्यांच्यावर टाकलेली पिवळी जाळी उचलून कावळे आधीच जेवून जातात. निशी-कसाईचे कावळे आमंत्रणाची वाट पाहत नाहीत.

बाचान आली, पांढऱ्या शेवंतीची फुलं घेऊन. मी टेबलावर चौघांची पानं मांडली होती. चौथं खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढे, पितरांचं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, सगळं जागच्या जागी. बटाट्याच्या गोळ्याच्या सूपचा वाडगा त्याच पानावर ठेवला होता आणि तुमच्या आजोबांची अंघोळ व्हायची होती म्हणून निवू नये यासाठी त्यावर झाकण ठेवलं होतं. लाखेचा तो झाकणाचा वाडगा बाचाननेच आम्हाला दिलेला.

ती खुर्चीवर बसता बसता थबकली. "हे पान कोणाचं?"

"तुमच्या आजोबांचं."

"मग झाकण काढा, आई-सान. आणि इथे नाही ठेवायचं."

मला वाटलं, आपण काहीतरी अशुभ केलं. "का? आमच्याकडे गेलेल्या माणसाचं पान असंच वाढतात."

"आमच्याकडे गेलेल्यांचं देव्हाऱ्यापुढे, आणि उघडं. जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या जागी, झाकण लावून ठेवतात ते जिवंत माणसाचं. जो दूर गेलाय त्याचं. प्रवासाला, लढाईला. तो तिथे उपाशी राहू नये म्हणून घरी त्याचं वाढतात."

"जिवंत माणसाचं रिकाम्या जागी पान?" मी म्हटलं. "असं केलं असतं तर माझी आई माझ्या अंगावर धावून आली असती."

बाचान हसली. "आणि सगळ्यांचं जेवण झालं की झाकण उलटं करून पाहतात. आतून थेंब असले की माणूस सुखरूप. माझी आजी दर नव्या वर्षी…"

तिने हात झाकणावर ठेवला.

तुमचे आजोबा अंघोळ करून आले आणि आमच्याकडे पाहून, न विचारता, दारातच उभे राहिले.

"आजी दर नव्या वर्षी खिडकीजवळच्या जागेवर वाडगा ठेवायची," बाचान हळूहळू म्हणाली. "मला मोठेपणचंच आठवत होतं. देव्हाऱ्यापुढे ठेवायची, ते. पण त्याच्या आधी तो खाली होता, टेबलावर. झाकण पुसायचं काम माझं होतं. आजी झाकण उलटं करायची, आत बघायची, म्हणायची, 'बरा आहे,' आणि मग माझ्या हातात द्यायची. आई त्या वेळी उठून भांडी घासायला जायची. दर वर्षी."

"मग ते वर कधी गेलं?" मी विचारलं.

"मी शाळेत जायच्या आधी. नव्या वर्षाची सकाळ होती. मी फडकं घेऊन बसले होते. आजीने वाडगा उचलून देव्हाऱ्यापुढे ठेवला, उघडा. मी विचारलं, झाकण कोण बघणार? ती म्हणाली, आता बघायला नको."

मग तुमच्या आजोबांनी विचारलं, आणि त्यांनी इतक्या मऊ आवाजात काही विचारल्याचं मला आठवत नाही, "म्हणजे त्यांना बातमी आली होती, विहीणबाई?"

त्यांना जपानी समजतं, बोलता येत नाही, म्हणून मी ते जपानीत सांगितलं. बाचानने मान हलवली. "कोणीतरी कळवलं असणार. नाहीतर आजी एवढी वर्षं खाली ठेवलेला वाडगा वर नेणारी नव्हती. तिथे कोणालातरी माहीत होतं की इथे कळवायला हवं." मग डोळे पुसून म्हणाली, "तोपर्यंत ती त्यांना बाहेर गेलेला माणूस समजत होती. टाकून गेलेला नाही."

एक गोष्ट तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते का गेले आणि का परत आले नाहीत, ते आम्हाला अजूनही माहीत नाही. दुसरं युद्ध आड आलं असेल. पैसे नसतील. तिकडेही कोणी असेल. तुम्ही मोठे झालात आणि तुम्हाला शोधायचं असेल तर डोंगर कुठले ते वर लिहिलं आहे. पण भटजींना काय सांगायचं ते बाचानला त्या दुपारी कळलं, कारण ज्या बाईला ठरवायचा हक्क होता तिने ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

तिने स्वतः झाकण काढलं, वाडगा उचलला आणि आमच्या देवांपुढे गणपतीशेजारी ठेवला. मग आम्ही जेवलो. तिने तीन वडे खाल्ले.

हिगानच्या आठवड्यात आम्ही तिघं त्या देवळात गेलो. तुमची आई फोनवर होती, तुमच्याकडे तेव्हा झोपायची वेळ झाली होती. कबरीवर बाचानने लाल बीन्सचे गोड लाडू ठेवले, जसे सगळेच ठेवतात, आणि शेजारी बटाट्याचा एक गोळा. कलश बाहेर काढायच्या आधी तिने आईच्या दगडाला पाणी घातलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, तू रागावलीस तरी मला कळेल. पण आजीने त्यांना घरातलंच धरलं होतं. आणि गोळे तर तूच शिकवलेस."

भटजी तरुण होते. इथे माणूस गेल्यावर देऊळ त्याला नवं नाव देतं, ते नसलेल्या परदेशी माणसाचं नाव घ्यायला त्यांची काही हरकत नव्हती. फक्त त्यांनी ते आधी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग आजीच्या नावाला लागूनच, त्याच लयीत, त्यांनी ते जर्मन नाव म्हटलं. बाचानचे खांदे खाली आले. कितीतरी दिवस ते ताणलेलेच होते.

तुझ्या चित्रातलं प्रश्नचिन्ह आता खोडून टाक. जर्मन हा शब्द मात्र पेनने लिही. त्यांचं पहिलं नाव आईला विचार.

या नव्या वर्षाची सकाळ बाचानने आमच्याकडे केली. गोळे आम्ही दोघींनी मिळून वळले. माझे जरा लाडवासारखे झाले. ती टेबलावर पाच वाडगे मांडायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "तिघंच तर आहोत."

"दोन नातवंडांचे," ती म्हणाली आणि तुम्ही सुट्टीत येता तेव्हा जिथे बसता, त्याच दोन खुर्च्यांपुढे ते झाकण लावून ठेवले.

जिवंत लेकरांची पानं रिकाम्या जागी. माझ्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तरी मी दोन्ही झाकणं नीट बसवली. आम्ही जेवलो. मग बाचानने एक झाकण माझ्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं आणि दोन्ही उलटी केली. आतून दोन्ही थेंबांनी भरलेली होती.

"बरे आहेत," ती म्हणाली.

तुमचे आजोबा चष्मा पुसत होते. "अहो विहीणबाई, गरम सूपवर झाकण ठेवलं की थेंब येणारच."

मी तिला जपानीत सांगितलं. तिने झाकण फडक्याने कोरडं केलं आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "म्हणूनच गरम वाढायचं असतं."